एका मोसमाचा बागायतदार

ताई, नमस्कार.

मी रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावचा. वय ३१. सात वर्षं ठाण्याला एका गोदामात सुपरवायझर होतो. दोन वर्षांपूर्वी बायको आणि मुलीला घेऊन गावी परत आलो. आमची स्वतःची हापूसची कलमं नऊच. गेल्या दसऱ्याला शेजारच्या वाडीतली ४० कलमं एका वर्षाच्या कराराने घेतली. फवारणी, राखण, तोडणी, अढी लावणं, पेट्या भरणं, सगळं आम्हीच केलं. मजुरीवर एकच माणूस होता. आमच्या पंपाने ती ४० कलमं फवारून व्हायला दोन दिवस लागायचे. खर्च जाऊन १ लाख ४० हजार सुटले, तेही पहिल्याच वर्षी. गावातल्या दोन जुन्या बागायतदारांचं मात्र गेल्या मोसमात नुकसान झालं.

यंदा ३५० कलमांची बाग चालून आली आहे, तीन वाड्यांत मिळून. मालक मुंबईला असतात, दसऱ्याच्या आत इसार मागतायत. करार, औषधं, मजुरी धरून ११ लाख लागतील. बाबांचे निवृत्तीचे पैसे ठेवीत आहेत ते काढायचे आणि उरलेल्यासाठी बायकोचे दागिने ठेवून सोनेतारण करायचं, असा माझा विचार आहे. गणपतीत विषय काढला आणि घरात वाद झाला. बाबा एसटीत चालक होते. स्वभाव मुळातच घाबरट, अजून स्कूटर चालवतानाही प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवतात. चुलते तर आरतीला जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "एका मोसमाचा बागायतदार तू, अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालायस." मला ते फार लागलं. बायको काहीच बोलत नाही. वही तीच लिहिते, पण "आंब्यातलं मला काय कळतंय" असंही तीच म्हणते.

माझा स्वतःवर शंभर टक्के विश्वास आहे. घरच्यांना कसं पटवू? (मला अरे-तुरेच करा, मी तुमच्या धाकट्या भावासारखा.)

*

अरे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. १ लाख ४० हजार ही काही लहान रक्कम नाही. गोदामातली नोकरी सोडून आलेल्या माणसाने पहिल्याच मोसमात ती उभी केली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. चुलत्यांनी भर आरतीत तसं बोलायला नको होतं. चारचौघांत मान खाली घालायला लावली की माणूस विचार करायचं सोडतो आणि स्वतःचं खरं करून दाखवायच्या मागे लागतो. तुझ्या पत्रातल्या निम्म्या ओळी मला चुलत्यांना दिलेलं उत्तर वाटल्या. ११ लाखांचा निर्णय त्या रागात होऊ नये.

घरच्यांना कसं पटवू, असं तू विचारलंस. त्याच्या आधीचा एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. तुझा हा शंभर टक्के विश्वास नक्की कशाचा बनलेला आहे? तू गर्विष्ठ आहेस असं मी म्हणत नाहीये. स्वतःच्या कुवतीचा अंदाज चुकलेली माणसं बहुतेक वेळा अगदी प्रामाणिक असतात. त्यांना खरंच तसं दिसत असतं. हे मला पुस्तकांतून कळण्याच्या कितीतरी आधी समुद्राने दाखवलं.

माझं माहेर समुद्रापासून लांब, देवरुखकडचं. घरामागच्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून मी पोहायला शिकले. दहाव्या वर्षी काठावरून उड्या मारत होते आणि बाराव्या वर्षी धाकट्यांना शिकवत होते. मला पोहता येतं याबद्दल माझ्याच काय, गावातही कुणाच्या मनात शंका नव्हती. लग्न होऊन किनाऱ्यावरच्या गावात आले. पहिल्याच उन्हाळ्यात, एका संध्याकाळी नणंदांबरोबर समुद्रावर गेले. पाणी ओसरत होतं. डाव्या-उजव्या हाताला लाटा फुटून पांढरा फेस झाला होता आणि मधे दहा-पंधरा हात रुंदीचा एक पट्टा शांत होता, जरा काळसर. मला वाटलं, पोहायला हीच जागा चांगली. उतरले. सात-आठ हात मारले, मागे वळून पाहिलं, तर नणंदा बोटाएवढ्या दिसत होत्या. किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन पोहायला लागले, पण होते तिथून पुढे सरकेना. वाळूवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला माणसं जमली होती. त्यांतले एक आजोबा ओरडत होते आणि दोन्ही हातांनी 'आडवं, आडवं' अशी खूण करत होते. ते मला रागावतायत असं मला वाटलं. शेवटी दमून, जोर संपला म्हणून, मी बाजूला फेसाकडे वाहत गेले आणि तिथल्या लाटेने मला उचलून वाळूवर आणून टाकलं.

आजोबांनी मला बसवलं, श्वास परत आल्यावर विचारलं, "ओहोटी कधी लागली बघितलंस? आज भांग की उधाण?" (भांग म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, उधाण म्हणजे मोठी.) मला दोन्ही माहीत नव्हतं. पाण्यात उतरण्याआधी असं काही विचारायचं असतं, हेसुद्धा माहीत नव्हतं. तो शांत पट्टा म्हणजे लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत समुद्रात जाण्याची वाट. तळ खोल असल्यामुळे तिथे लाट फुटत नाही, म्हणून तो शांत दिसतो. त्या ओढीच्या विरुद्ध पोहलं तर चांगला पोहणाराही दमून बुडतो, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत गेलं तर सुटतो. विहिरीत वाढलेल्या मुलीला शांत पाणी म्हणजे धोका नसलेलं पाणी. मला पोहता येतच होतं, पण ते विहिरीतलं पोहणं होतं, आणि विहिरीपलीकडे काय असतं ते कळायला लागणारी नजर मला विहिरीत मिळणारच नव्हती.

माझ्या कामामुळे पुढे मानसशास्त्राचं वाचन वाढलं तेव्हा नेमकी हीच गोष्ट प्रयोगांतून मांडलेली सापडली. १९९९ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग या दोघांनी विद्यार्थ्यांच्या काही चाचण्या घेतल्या. व्याकरण, तर्क, आणि कोणता विनोद चांगला हे ओळखणं, असे विषय. मग प्रत्येकाला विचारलं, बाकीच्यांच्या तुलनेत तू कुठे असशील? सगळ्यात खालच्या चतकोरातली मुलं प्रत्यक्षात सरासरीने शंभरातल्या १२ जणांच्या पुढे होती. त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज होता, ६२ जणांच्या पुढे. कारण विचार केला तर साधं आहे. शुद्ध वाक्य लिहायला जे ज्ञान लागतं तेच ज्ञान आपलं वाक्य अशुद्ध आहे हे ओळखायलाही लागतं. ते नसेल तर चूक होते, आणि झाली हेही दिसत नाही. त्याच अभ्यासात काहींना तर्काचे धडे दिले. ते शिकल्यावर त्याच मुलांनी आपल्या आधीच्या पेपरला कमी गुण दिले. कळायला लागलं तेव्हा आपल्याला किती कमी कळत होतं ते कळलं.

या अभ्यासावर नंतर बरीच चर्चा झाली. या आकड्यांतला काही भाग निव्वळ गणिताचा खेळ आहे, टोकाचे गुण मिळवणाऱ्यांचे अंदाज मधल्याकडे सरकलेले दिसणारच, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आणि त्यात तथ्य आहे. म्हणून "ज्याला कमी येतं तोच जास्त बोलतो" असं शस्त्र करून कुणावर उगारणं मला पटत नाही. तुझ्या चुलत्यांनी तेच केलं. पण मुळातली गोष्ट, की न दिसणारी चूक न दिसणारीच असते, ती उरतेच.

तुला जास्त लागू पडेल असा एक अभ्यास मात्र वेगळा आहे, आणि तो वाचताना मला तुझीच आठवण यावी असा आहे. २०१८ साली कार्मेन सान्चेझ आणि त्याच डनिंग यांनी लोकांना एक अगदी नवं काम दिलं. लक्षणं पाहून काल्पनिक रोग ओळखायचे. प्रत्येक उत्तरानंतर बरोबर की चूक ते सांगत होते. अगदी सुरुवातीला लोक सावध होते, आपल्याला येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण थोडीशी उत्तरं देऊन झाली आणि विश्वास एकदम उसळला, कौशल्य मात्र मागेच रेंगाळलं. म्हणजे कोऱ्या माणसापेक्षा नुकतंच थोडं शिकलेला माणूस जास्त फसतो. चार-दोन प्रसंगांतून तो एक अख्खी समजूत उभारतो, आणि ती समजूत त्याची स्वतःची असल्याने फार प्रिय असते.

ठाण्याहून आलास त्या वर्षी कुणी तुला ३५० कलमं फुकट दिली असती तरी तू घेतली नसतीस. हो ना? आज ११ लाख घालून घ्यायला निघालास. मधे आला आहे फक्त एक मोसम.

तो मोसम जरा उघडून बघू. तू करार केलास दसऱ्याला. आंब्याला मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल, आपण ज्याला सरसकट कल्टार म्हणतो, ते बुंध्याभोवती घालतात जुलै-ऑगस्टात, भर पावसात. खतंही पावसाळ्यातच. म्हणजे गेल्या वर्षीच्या तुझ्या मोहोराची निम्मी तयारी तू बागेत पाऊल टाकण्याआधी झालेली होती. ती कुणी केली, किती केली, तुला माहीत आहे का? मालकाला विचारलंस का? मग पाऊस थांबल्यावर जमिनीला बसलेला ताण आणि वेळेवर पडलेली थंडी. ही तर तुझ्याही हातात नव्हती आणि मालकाच्याही.

शिवाय हापूस हे एका आड एक वर्ष धरणारं झाड. एका वर्षी भरभरून दिलं की पुढच्या वर्षी हात आखडतं. ज्या दोन जुन्या बागायतदारांचं गेल्या वर्षी नुकसान झालं म्हणतोस, त्यांच्या कलमांची ती विश्रांतीची पाळी असेल आणि तुझ्या चाळिसांची धरण्याची. मग त्यांच्या तोट्यावरून तुझं कौशल्य सिद्ध होत नाही, त्यांचा नाकर्तेपणाही होत नाही. त्यांच्या आदल्या दोन-तीन वर्षांचं उत्पन्न विचारून बघ, लगेच उलगडेल. तुझी मेहनत खोटी असं मी अजिबात म्हणत नाही. मार्चच्या उन्हात फवारणी करणारा आणि रात्री राखणीला बसणारा तूच होतास. पण फायद्यात मेहनतीचा वाटा किती आणि सालाचा वाटा किती, हे एका वर्षात वेगळं काढताच येत नाही. यश आलं की आपण सगळंच आपल्या खात्यावर मांडतो. अपयश आलं की अंगण वाकडं. हे तुझंच असं नाही, माझंही तेच होतं.

आणखी एक गोष्ट मला इथे फार मोलाची वाटते. हवामान खात्यातले अंदाज वर्तवणारे लोक स्वतःच्या खात्रीबद्दल इतरांपेक्षा बरेच अचूक असतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. पावसाची शक्यता ७० टक्के असं ते ज्या दिवसांबद्दल म्हणतात, त्यांतल्या साधारण तितक्याच दिवशी पाऊस पडतो. याचं कारण, आज सांगितलेलं खरं की खोटं याचं उत्तर त्यांना उद्या मिळतं. होडी घेऊन जाणाऱ्यालाही संध्याकाळी जाळ्यात उत्तर मिळतं. आंबा उत्तर देतो वर्षातून एकदा. चुलत्यांनी ३० मोसम पाहिले असतील तर त्यांच्याकडे ३० उत्तरं आहेत, त्यांत अवकाळीचं साल असेल, तुडतुडे, म्हणजे मोहोराचा रस शोषणारे किडे, आवरले नाहीत ते असेल, वाशीच्या घाऊक बाजारात भाव एकदम पडला तेही असेल. तुझ्याकडे एक उत्तर आहे, आणि ते नेमकं गोड निघालं. पहिल्या वर्षी थोडा तोटा झाला असता तर तू आज जास्त शिकलेला असतास, असं मला खरंच वाटतं.

आता बाबांबद्दल. प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवतात म्हणून तू त्यांना घाबरट म्हणालास, ते वाचून मला वाईट वाटलं. १९८१ साली ओला स्वेन्सन या स्वीडनमधल्या संशोधकाने चालकांना विचारलं होतं, इतरांच्या मानाने तुम्ही गाडी कशी चालवता? अमेरिकेतल्या ९३ टक्के लोकांनी आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं. वरच्या निम्म्यात बसतात निम्मेच, हे सांगायला नको. आपल्या महामार्गावर घाटात वळणावर ओव्हरटेक करणाऱ्या प्रत्येकाला आपण चांगली गाडी चालवतो असंच वाटत असतं. तुझ्या बाबांनी नोकरीची सगळी वर्षं एसटीच्या स्टिअरिंगवर काढली. पावसात, धुक्यात, मागे पन्नास जीव बसलेले असताना. वळणापलीकडून काय काय येऊ शकतं ते त्यांनी पाहिलं आहे, म्हणून त्यांचा हात हॉर्नवर जातो. एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बस आणि बागेचा विषय न काढता विचार, पहिल्या वर्षी तुम्ही कशी गाडी चालवत होतात? काय सांगतात ते ऐक. मला वाटतं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे माझ्यापेक्षा चांगलं आहे.

मग तुझा पंप. ४० कलमं दोन दिवसांत, म्हणजे दिवसाला २०. त्याच पंपाने ३५० कलमांना साडेसतरा दिवस लागतील, तेही तीन वाड्यांत टाक्या, पाइप, पाणी हलवण्याचा वेळ न धरता. मोहोरावर तुडतुडे चढले की ते तुझ्यासाठी १७ दिवस थांबणार नाहीत. शेवटच्या वाडीत पोहोचशील तोवर तिथला मोहोर काळा पडलेला असेल. दुसरा पंप घेशील, माणसं लावशील, ठीक. पण मग ते काम वेगळंच झालं. गेल्या वर्षी तू झाडाखाली उभा राहून झाड पाहत होतास. यंदा तुला माणसं सांभाळावी लागतील, सकाळी न आलेल्या गड्याच्या जागी दुसरा शोधावा लागेल, तू पहिल्या वाडीत असताना तिसऱ्या वाडीत काय फवारलं त्यावर विश्वास ठेवावा लागेल. याचा तुला अनुभव असेलही, गोदामात माणसं सांभाळलीस. पण ४० कलमांचा अनुभव नऊपटीने वाढवला की ३५० कलमांचा होत नाही. विहीर आणि समुद्र, मी सांगितलं तसं.

सध्या पितृपक्ष चालू आहे. घरचे तसंही या पंधरवड्यात इसार देऊ देणार नाहीत. हे दिवस मला तुझ्यासाठी देवाने ठेवल्यासारखे वाटतात. त्यांत दोन-तीन गोष्टी कर.

पहिली ही. येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि काइल यांचा २००२ सालचा एक प्रयोग आहे. लोकांना विचारलं, कुलूप, शिवणयंत्र, पॅन्टची चेन अशा वस्तू कशा चालतात ते तुम्हाला किती समजतं? सातपैकी गुण द्या. लोकांनी ऐटीत गुण दिले. मग सांगितलं, आता एकेक पायरी लिहून समजवा. लिहायला बसल्यावर पेन अडलं, आणि पुन्हा गुण द्यायला सांगितले तेव्हा ते आपोआप खाली आले. कुणी त्यांना काही सुनावलं नाही, अपमान केला नाही. कागदानेच सांगितलं. तूही तसंच कर. एका कोऱ्या पानावर, कुणालाही न विचारता, लिही: पालवी जून झाल्यापासून पेटी वाशीला पोहोचेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर काय करायचं, का करायचं, आणि बिघडलं तर काय. मोहोर दोनदा-तीनदा आला, पहिल्या मोहोराची कैरी झाडावर असताना नवा फुटला, तर पहिली फळं का गळतात आणि तू काय करशील? फेब्रुवारीत पाऊस झाला तर कितव्या दिवशी कोणती फवारणी? भुरी आणि करपा हे रोग पानावर कसे वेगळे ओळखशील? जिथे पेन अडेल तिथे फुली मार. मग ते पान घेऊन दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात जा किंवा कृषी खात्याच्या माणसाला गाठ. फुल्या किती आल्या ते मला कळवायची गरज नाही, तुझं तुला कळेल.

दुसरी गोष्ट चुलत्यांना धरून. कठीण आहे, पण कर. गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेली ही एक रीत आहे. काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी बसून असं धरून चालायचं की वर्ष झालं आणि काम पूर्ण बुडालं, आता प्रत्येकाने ते का बुडालं असेल ते लिहायचं. 'बुडेल का' असं विचारलं की घरात दोन पक्ष पडतात. 'बुडालं, का बुडालं?' असं विचारलं की जो तो आठवायला लागतो. चुलत्यांना चहाला बोलाव आणि म्हण, "काका, समजा पुढच्या मेअखेर माझे ११ लाख गेले. कशामुळे गेले असतील ते तुम्ही सांगा." जो माणूस आरतीत टोमणा मारतो त्याच्या पोटात बहुधा स्वतःची कुठलीतरी बुडालेली बाग असते. त्यांना ती सांगायला जागा दे. तू मधे एकदाही "पण माझ्या वेळी" म्हणू नकोस.

खर्चाचा आणि वेळेचा अंदाजही तपासून घे. कॅनडात १९९४ साली काही विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध पुरा व्हायला किती दिवस लागतील? सरासरी ३४ म्हणाले. सगळं उलटं घडलं तर? ४९ म्हणाले. लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही अपुरा पडला. तुझे ११ लाख हे ३४ दिवसांसारखे आहेत अशी मला भीती वाटते.

आणि आता ज्या व्यक्तीबद्दल तू अर्धीच ओळ लिहिलीस ती. तुझी बायको. मघाच्या कॉर्नेलच्या अभ्यासाची एक बाजू लोक सांगायची विसरतात. सगळ्यात हुशार मुलांनी स्वतःला आहे त्यापेक्षा कमी लेखलं होतं. आपल्याला सोपं गेलं म्हणजे सगळ्यांनाच सोपं गेलं असणार, असं त्यांना वाटलं. दुसऱ्यांचे पेपर दाखवल्यावर त्यांनी आपला अंदाज वर नेला. जी बाई "आंब्यातलं मला काय कळतंय" म्हणते आणि मोसमभर वही लिहिते, तिच्याबद्दल मला फार कुतूहल वाटतं. त्या वहीत काय आहे? फवारणीच्या तारखा आहेत? कोणत्या कलमाचे किती डझन निघाले? किती फळ साक्याचं, म्हणजे आतून पांढरट स्पंजासारखं, निघालं, किती पेट्या बाजारात कमी भावाने गेल्या? तू १ लाख ४० हजार सुटले म्हणालास, त्यात तुमच्या दोघांची आठ महिन्यांची मजुरी धरली आहे का? ती धरली तर किती उरतात, हे तिला ठाऊक असेल असं मला वाटतं. दागिने तिचे आहेत. सोनेतारणाचा विषय तू घरात काढलास, पण तिला एकटीला, मुलगी झोपल्यावर, "तुला काय वाटतं?" असं विचारलंस का? तिच्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा लावू नकोस.

तू मागितला नाहीस तरी माझा सल्ला स्पष्ट सांगते. ३५० कलमं यंदा घेऊ नकोस. तीच ४० परत घे, आणि जमलं तर त्याच वाडीत आणखी ४०-५०, जिथे तुझा पंप चार-पाच दिवसांत फिरतो. पैसे गेल्या वर्षीच्या फायद्यातलेच घाल. बाबांची ठेव आणि बायकोचं सोनं या दोन गोष्टींना हात लावू नकोस. ते गेलं तर तुझ्याबरोबर अशी दोन माणसं बुडतील ज्यांनी हा विश्वास कधी धरलाच नव्हता. करार लेखी कर आणि शक्य तर दोन-तीन वर्षांचा कर, म्हणजे पावसाळ्यातली मशागतही तुझ्या हाताने होईल. आंब्याला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. कराराने बाग घेणाऱ्याला त्यात कसं बसता येतं, कोणते कागद लागतात, ते मुदत संपण्याआधी विचारून घे. मुंबईच्या मालकांना सरळ सांग की यंदा तिन्हींपैकी एका वाडीचाही विचार करायला मला वेळ लागेल. बाग चांगली असेल आणि तू प्रामाणिक असशील तर ते पुढच्या वर्षीही तुला विचारतील. नाही विचारलं तर दुसरी मिळेल. कोकणात मालक मुंबईला असलेल्या बागा कमी नाहीत.

यंदा त्या ४० कलमांनी कमी धरलं तर नाउमेद होऊ नकोस. झाड हात आखडतं त्या वर्षी तू काय करतोस, कुठला खर्च वाचवतोस, कुठला वाचवत नाहीस, तेच मला तुझ्याकडून ऐकायचं आहे. आणि एक कर. आत्ता, मोहोर येण्याआधी, वहीच्या पहिल्या पानावर तुझे अंदाज तारीख घालून लिहून ठेव. पहिला मोहोर कधी, किती पेट्या, पहिल्या पेटीला काय भाव, फवारण्या किती, खर्च किती. शेजारच्या रकान्यात बायकोला तिचे अंदाज लिहू दे, तू न बघता. बाबा तयार असतील तर तिसरा रकाना त्यांचा. मेअखेरीस तिन्ही रकाने उघडा.

दसऱ्याआधी ते कोरं पान भरायला घे. वही तिच्याकडूनच मागून घे, आणि नवं काही लिहिण्याआधी गेल्या वर्षीची शेवटपर्यंत वाचून काढ.